चार्ल्स मॅलेट, पेशवे दरबारातला इंग्रज वकील: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारवाड्याची गोष्ट निघाली की बाजीराव, मस्तानी आणि ‘काका मला वाचवा’ यांच्यावर बोलायला सगळ्यांकडे काही ना काही असतं. मॅलेटचं नाव निघालं की मात्र पहिला प्रश्न येतो, ‘कोण हा?’ दुसरा येतो, ‘माथेरानवाला का?’ हे आणि यांसारखे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. काही लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत. सगळे प्रश्न सारख्या वजनाचे नसतात.

हा मॅलेट होता तरी कोण? थोडक्यात सांगा.

चार्ल्स वॉर मॅलेट. इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातल्या एका पाद्र्याचा मुलगा, जन्म १७५२ च्या अखेरीचा. १७७० मध्ये, म्हणजे अठराव्या वर्षाच्या आसपास, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मुंबईकडे आला. पुढे खंबायतला कंपनीचा प्रतिनिधी झाला. १७८६ ते १७९७ अशी अकरा वर्षं तो पुण्यात पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा वकील, म्हणजे दरबारी राहणारा प्रतिनिधी, होता. १७९८ मध्ये मायदेशी परतला आणि जानेवारी १८१५ मध्ये वारला.

पुण्यात कायमचा मुक्काम ठोकणारा तो पहिला इंग्रज वकील. त्याच्या आधीचे आले आणि गेले. त्याच्यानंतर ती जागा १८१८ पर्यंत रिकामी राहिली नाही. त्याच्याविषयी एवढं लिहायचं कारण हेच.

तो इंग्लंडच्या राजाचा राजदूत होता का?

नाही. तो कंपनी सरकारचा नोकर. पगार कंपनीचा, हुकूम कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलचा आणि ओढ मुंबईच्या कौन्सिलची, असा तिहेरी कारभार. कलकत्ता आणि मुंबई यांचं आपसांत फारसं पटत नसे, त्यामुळे एकाच प्रकरणात दोन सुरांची पत्रं येण्याचे प्रसंग वकिलावर यायचे. पुणेकरांच्या लेखी हा सगळा फरक गौण होता. आपल्या कागदांत तो ‘इंग्रजांचा वकील’, आणि नाव ‘मालिट’.

पुण्याला येण्याआधी त्याचा मराठ्यांशी काही संबंध आला होता का?

आला होता, आणि तोही नको तिथे. फेब्रुवारी १७७५ मध्ये राघोबादादा गुजरातेत मही नदीजवळ पेशव्यांच्या फौजेकडून मार खाऊन पळाले, ते खंबायतला येऊन थडकले. तिथला नवाब त्यांना आत घ्यायला धजेना. खंबायतला कंपनीचं काम बघणारा तरुण होता मॅलेट, वय बावीस. त्याने राघोबांना भावनगरकडे वाट काढून दिली. तिथून समुद्रमार्गे ते सुरतेला पोचले आणि इंग्रजांशी तह करून बसले. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं ते तिथून.

म्हणजे बारभाईंच्या, म्हणजे राघोबाविरुद्ध एकत्र आलेल्या पुण्याच्या कारभाऱ्यांच्या, तावडीतून राघोबाला निसटून जायला मदत करणारा माणूस अकरा वर्षांनी त्याच बारभाईंतल्या नाना फडणिसासमोर वकिलीची वस्त्रं मागत उभा राहिला. नानाची स्मरणशक्ती कशी होती ते वेगळं सांगायला नको. पण त्या वेळी नानाला इंग्रजांचा माणूस दरबारात हवा होता, आणि राजकारणात गरजेपुढे आठवण गप्प बसते.

नियुक्ती १७८५ ची आणि पुण्यात पोचला १७८६ मध्ये. मुंबई ते पुणे एवढा वेळ?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. कारण मॅलेट मुंबईहून बोरघाट चढून पुण्याला आला नाहीच. तो आला सुरत, उज्जैन, ग्वाल्हेर, आग्रा आणि कलकत्त्यावरून!

कारण होतं महादजी शिंदे. १७८२ चा सालबाईचा तह महादजींच्या मध्यस्थीने झाला होता आणि त्याचे जामीनही तेच होते. इंग्रजांशी जे काही बोलायचं ते आपल्यामार्फत, अशी त्यांची भूमिका. त्यांच्या छावणीत जेम्स अँडरसन नावाचा इंग्रज वकील होताच. पुण्याला वेगळा वकील गेला तर इंग्रज आणि नाना परस्पर बोलू लागणार, आणि मधली चावी हातातून जाणार. त्यामुळे महादजींना ही नेमणूक रुचणं शक्यच नव्हतं.

कंपनीने मग सरळ विचार केला: ज्याची हरकत, त्यालाच आधी जाऊन भेटा. मार्च १७८५ मध्ये मॅलेट लवाजम्यासह सुरतेहून निघाला. ऐन उन्हाळ्यात माळवा ओलांडून तो आग्रा-मथुरेच्या मुलखात महादजींच्या छावणीत पोचला. बादशहा शाहआलम तेव्हा महादजींच्याच आश्रयाला, त्याचीही भेट झाली. बरोबर असलेला डॉक्टर थॉमस क्रूसो याने या प्रवासाची टिपणं ठेवली. तिथून मॅलेट गंगेच्या खोऱ्यातून कलकत्त्याला गेला, वरिष्ठांशी बोलणं उरकलं आणि जहाजाने मुंबईला आला. ३ मार्च १७८६ रोजी पुण्यात दाखल.

जवळजवळ वर्षभराचा हा वळसा वाया गेला असं वाटतं खरं. पण या वर्षात त्याने मराठी सत्तेची दोन्ही टोकं पाहिली. पुण्याची गादी एकीकडे आणि उत्तरेतली तलवार दुसरीकडे, या दोघांत किती अंतर आहे आणि किती कुरबूर आहे, हे त्याला पुण्यात पाऊल टाकण्याआधीच कळलं होतं. वकिलासाठी याहून चांगली शिकवणी कुठली?

त्याच्या आधी पुण्यात इंग्रज वकील नव्हते का?

होते. १७७२ मध्ये थॉमस मोस्टिन आला. तो पुण्यात असतानाच नारायणरावाचा खून झाला, आणि १७७४ च्या डिसेंबरात त्याच्या मुंबईकर धन्यांनी साष्टी आणि ठाण्याच्या किल्ल्यावर हात टाकला. नंतर कर्नल अप्टन कलकत्त्याहून आला. त्याने १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला, जो मुंबईकरांना मान्यच नव्हता. एक वकील आला की साष्टी जाते, दुसरा आला की तह होतो पण पाळला जात नाही, असा हा अनुभव. मॅलेटकडे पुणेकरांनी सावध नजरेने पाहिलं असेल तर त्यात नवल नाही.

वकील आणि रेसिडेंट यात फरक काय?

सुरुवातीला काहीच नव्हता. मराठ्यांचेही वकील सगळीकडे होते. दिल्लीला हिंगणे, हैदराबादला गोविंदराव काळे. परक्या दरबारी राहायचं, कान उघडे ठेवायचे, धन्याला रोज लिहायचं, ही पद्धत इंग्रजांनी आपल्याला शिकवलेली नाही. ती इथली जुनी रीत, आणि मॅलेट त्याच रीतीत बसला.

फरक नंतर पडला. मराठी वकील माणसाच्या नावाने ओळखला जायचा. तो गेला की त्याचे कागद त्याच्या घरी, त्याच्या ओळखी त्याच्याबरोबर. कंपनीचा वकील बदलला तरी दप्तर जागेवर, मुनशी जागेवर, बातमीदार जागेवर. नवा माणूस आधीच्या अकरा वर्षांची पत्रं वाचून मगच दरबारात जायचा. ‘रेसिडेंट’ या शब्दाचा अर्थच राहणारा, आणि राहत होतं ते खरं तर दप्तर.

त्याचं रोजचं काम काय असायचं?

बातमी. बाकी सगळं त्यानंतर. दरबारात कोण कोणाला भेटलं, कुठल्या सरदाराची फौज पगारासाठी धरणं धरून बसली, हैदराबादेहून कोण जासूद आला, टिपूचा माणूस शहरात उतरला का, आणि फ्रेंचांचं काय चाललं आहे. फ्रेंचांची धास्ती उगाच नव्हती. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच गृहस्थ पुण्यात येऊन नानाशी मोठमोठ्या बाता करून गेला होता, आणि तेव्हा मुंबईकरांची झोप उडाली होती.

नानाच्या बाजूने मॅलेटशी बोलणी करायला बहिरोपंत मेहेंदळे असायचे. मॅलेटच्या पत्रांत या पंतांचं नाव इतक्या वेळा येतं की वाचता वाचता तेही ओळखीचे होऊन जातात. नाना सहसा ‘हो’ म्हणत नसे आणि ‘नाही’ही म्हणत नसे. पंत निरोप घेऊन यायचे, निरोप घेऊन जायचे. असे महिने जायचे. मॅलेटची खरी हातोटी इथे होती: तो थांबू शकत होता. त्याच्या आधीच्या मुंबईकर साहेबांना हे जमलं नव्हतं, म्हणून १७७९ मध्ये वडगावला नाक घासावं लागलं.

वकिलात नेमकी कुठे होती?

संगमावर. मुळा आणि मुठा मिळतात तिथे, त्या वेळच्या शहराच्या बाहेर. आज संगम पूल आहे त्याच परिसरात. हळूहळू तिथे बंगले, बाग आणि तबेले उभे राहिले. वकिलाला पेठांपासून दूर जागा देणं दोघांच्याही सोयीचं होतं. साहेबाला मोकळी हवा आणि आपल्या पद्धतीचं खाणंपिणं, आणि नानाला ब्राह्मणी शहरात कटकट नको. शिवाय संगमावर कोण येतं-जातं यावर नजर ठेवणंही सोपं. टेहळणी एकतर्फी नव्हती, हे विसरू नये.

१७९० चा तह काय होता? इतका महत्त्वाचा का मानतात?

त्याच्या आधी थोडं मागे जाऊ. मॅलेट आला तेव्हा नाना टिपूशी लढाईत गुंतला होता. १७८६ च्या मे महिन्यात मराठ्यांनी बदामी घेतली, तेव्हा मॅलेटही त्या मोहिमेच्या छावणीत होता. नानाला कंपनीच्या पलटणी हव्या होत्या. पण कंपनीने १७८४ मध्ये मंगळूरला टिपूशी तह केलेला, आणि सप्टेंबर १७८६ मध्ये आलेला नवा गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस नव्या लढाईत पडायला तयार नव्हता. मॅलेटच्या हातात गोड बोलण्यापलीकडे काही नव्हतं. मराठ्यांनी १७८७ मध्ये गजेंद्रगडचा तह करून टिपूशी लढाई मिटवली.

मग पारडं फिरलं. १७८९ च्या डिसेंबरअखेर टिपूने त्रावणकोरवर हल्ला केला. आता गरज कंपनीला होती. कॉर्नवॉलिसला निजाम हवा होता आणि मराठे तर हवेच होते, कारण मराठ्यांचं घोडदळ आणि बैल यांच्याशिवाय म्हैसूरच्या पठारावर इंग्रजी फौज उपाशी मरते, हे दोन युद्धांत कळून चुकलं होतं. नानाने मात्र घाई केली नाही. टिपूचे वकीलही पैसे घेऊन पुण्यात बसले होते, आणि दोन्ही गिऱ्हाइकं दुकानात असताना कुठला शहाणा भाव पाडतो?

अखेर १ जून १७९० रोजी पुण्यात तह ठरला. पेशवे, निजाम आणि कंपनी या तिघांनी मिळून टिपूवर जायचं, जिंकलेला मुलूख सारखा वाटायचा. कॅप्टन लिटलच्या हाताखाली कंपनीची पलटणं परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेला येऊन मिळाली आणि दोघांनी मिळून धारवाडला वेढा घातला. तो वेढा सप्टेंबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. मार्च १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूने अर्धं राज्य, ३ कोटी ३० लाख रुपये आणि दोन मुलगे ओलीस दिले. मराठ्यांची हद्द तुंगभद्रेपर्यंत गेली.

नानाच्या बाजूने हा तह फायद्याचाच होता. मुलूख मिळाला, पैसा मिळाला, टिपू निम्मा झाला. पण निम्मा टिपू म्हणजे इंग्रजांच्या वाटेतला निम्मा अडसर, आणि उरलेला निम्मा १७९९ मध्ये गेला. इतिहासाच्या तासाला फळ्यावर हे किती सहज दिसतं! १७९० मध्ये संगमावर बसून ते कोणालाच इतकं स्वच्छ दिसत नव्हतं. मॅलेटलाही नाही.

कंपनी सरकार मात्र खूश झालं. युद्ध संपण्याआधीच, १७९१ च्या फेब्रुवारीत मॅलेटला बॅरोनेट करण्यात आलं, म्हणजे वंशपरंपरेने नावामागे ‘सर’ लावायचा मान. हैदराबादला तीच कामगिरी करणाऱ्या जॉन केनवेलाही तोच मान मिळाला.

शनिवारवाड्यातल्या दरबाराचं ते प्रसिद्ध चित्र या तहाचंच ना? ते खरं आहे का?

चित्र याच तहाचं. खरं आहे का, याचं उत्तर ‘थोडं थोडं’ असं आहे.

चित्र टॉमस डॅनियलचं, १८०५ चं. सध्या लंडनच्या टेट संग्रहात आहे. शनिवारवाड्यातला गणपती रंगमहाल, कोरीव खांबांच्या रांगा, गादीवर सोळा वर्षांचा सवाई माधवराव, जवळ नाना, बाजूला इंग्रज मंडळी मांडी मोडून अवघडून बसलेली, आणि मॅलेट. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला. त्यामुळे आतून तो कसा दिसत असेल याची कल्पना करायची झाली की सगळे या चित्राकडे धावतात.

पण डॅनियल त्या दरबाराला हजर नव्हता. त्याने चित्र काढलं लंडनमध्ये, पंधरा वर्षांनी. त्याच्या हाताशी जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचे अभ्यास होते. वेल्सने सवाई माधवराव, नाना आणि महादजी यांना समोर बसवून रंगवलं होतं, त्यामुळे चेहरे भरवशाचे आहेत. गंमत अशी की वेल्सही त्या दरबाराला नव्हता. तो मुंबईत उतरला १७९१ मध्ये आणि पुण्यात आला १७९२ मध्ये. म्हणजे एकाने न पाहिलेल्या प्रसंगाची तयारी केली, आणि दुसऱ्याने न पाहिलेला प्रसंग रंगवला. तिथे खरोखर हजर असलेला आणि चित्राचे पैसे मोजणारा माणूस एकच, मॅलेट. चित्राच्या मधोमध कोण महत्त्वाचं दिसावं हे मग वेगळं सांगायला लागत नाही.

तरीही मी हे चित्र नाकारणार नाही. पगड्या, अंगरखे, बसण्याची रीत हे सारं तिथे वावरलेल्या माणसांच्या नोंदींवरून आलेलं आहे. फक्त ते छायाचित्र समजून बघू नये.

गंगाराम तांबट आणि मॅलेटचा काय संबंध?

मॅलेट अकरा वर्षांत जे काही करून गेला त्यातलं, निदान माझ्या लेखी, सगळ्यात टिकाऊ काम हेच. गंगाराम चिंतामण तांबट हा पुण्याचा चित्रकार. मॅलेटने त्याला काम दिलं. १७९० मध्ये त्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला, आणि तो गेंडा नुसता गेंडा नाही, त्याच्या कातडीची घडीन् घडी तिथे बसून पाहिलेली आहे. पुढे वेल्स आल्यावर गंगाराम त्याच्याबरोबर वेरूळच्या लेण्यांत गेला, तिथे मापं घेतली, चित्रं काढली. वेल्सच्या खटपटीने आणि सवाई माधवरावाच्या हौसेने शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली. गंगाराम तिथला सर्वांत नावाजलेला.

त्याची बरीच चित्रं आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. पुण्याच्या माणसाने पुण्यात काढलेली चित्रं बघायला पुणेकराला व्हिसा लागतो.

मॅलेट स्वतःही वेरूळला गेला होता. तिथल्या लेण्यांचं त्याने लिहिलेलं वर्णन कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये छापून आलं. वेल्सची वेरूळची रेखाटनं पुढे डॅनियलने लंडनमध्ये छापली.

कापलेल्या नाकाची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. कावसजी नावाचा एक गाडीवान इंग्रजी फौजेबरोबर म्हैसूरच्या लढाईत बैल हाकत होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याजवळच्या एका कुंभाराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक बसवलं. आधी मेणाचा साचा करायचा, तो कपाळावर सपाट पसरून मापाची कातडी सोडवायची, पण तिचा देठ दोन भुवयांमध्ये जिवंत ठेवायचा, असा तो हिशोब. हे बघायला दोन इंग्रज डॉक्टर हजर होते, थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले. यातला क्रूसो म्हणजे मॅलेटबरोबर आग्र्यापर्यंत गेलेला तोच.

वेल्सने कावसजीचं चित्र काढलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकिकत चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या लंडनच्या सर्जनने तयारी केली आणि १८१४ मध्ये त्याच पद्धतीने पहिलं नाक बसवलं. आजच्या प्लॅस्टिक सर्जरीच्या इतिहासात हे प्रकरण सगळीकडे असतं. साहेबांची आणि गाडीवानाची नावं त्यात येतात. कुंभाराचं नाव कोणी विचारूनच ठेवलं नाही.

घाशीराम कोतवालाच्या प्रकरणी मॅलेटने काही लिहिलं आहे का?

होय. ऑगस्ट १७९१ मध्ये कोतवालाने कोंडलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी बरेच जण गुदमरून मेले, शहर खवळलं आणि घाशीरामाला दगडांनी ठेचून मारलं गेलं. मॅलेट तेव्हा पुण्यातच होता आणि त्याने वरिष्ठांना कळवलेली हकिकत उपलब्ध आहे. रंगमंचावरचा घाशीराम ज्यांच्या डोळ्यांपुढे आहे त्यांनी ती जरूर वाचावी. नाटकात नाचणारी रांग असते, पत्रात नुसता हिशोबी सूर. अंगावर काटा दोन्हीकडे येतो.

त्याचा संसार?

पुण्याच्या वर्षांत त्याच्याबरोबर अंबर कौर ही स्त्री होती. दोघांना मुलंही झाली. वेल्सने तिचं चित्र काढलं आहे. त्या काळच्या कंपनीच्या साहेबांत अशी घरं सर्रास असायची. चर्चच्या वहीत नोंद नाही, वारसात हक्क नाही. साहेब मायदेशी गेला की ती मागेच राहायची. तिच्या बाजूने लिहिलेलं एक अक्षर आपल्याला वाचायला मिळत नाही.

जेम्स वेल्स नोव्हेंबर १७९५ मध्ये वारला, साष्टीतल्या लेण्यांची रेखाटनं करताना लागलेल्या तापाने. त्याची थोरली मुलगी सुसॅना हिच्याशी मॅलेटने इंग्लंडला परतल्यावर, १७९९ मध्ये लग्न केलं. त्यांना आठ मुलगे झाले. विल्टशरमधल्या विलबरी हाऊस या घरी उरलेलं आयुष्य गेलं.

सवाई माधवरावाच्या मृत्यूमागे इंग्रजांचा हात होता का?

नाही. ऑक्टोबर १७९५ मध्ये एकवीस वर्षांचा पेशवा शनिवारवाड्यातून खाली पडला आणि दोन दिवसांनी गेला. पडला की उडी टाकली यावर आजही वाद घालता येईल, पण मॅलेटला यात ओढायला काही आधार नाही. उलट त्याची गणितं त्या मृत्यूने विस्कटली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला धूळ चारली होती, आणि कंपनीने निजामाच्या मदतीला न जाता गप्प बसणं पसंत केलं होतं. मराठी सत्ता तेव्हा जोरात दिसत होती. सात महिन्यांत सगळं फिरलं. गादीवर कोण, दत्तक कोण, नाना राहणार की जाणार, या घोळात वर्ष गेलं आणि १७९६ च्या डिसेंबरात दुसरा बाजीराव पेशवा झाला. मॅलेट हे सगळं बघत, लिहीत, कुणाचीही उघड बाजू न घेता बसून राहिला, आणि थोड्याच महिन्यांत पुणं सोडून गेला.

मॅलेट म्हणजेच माल्कम ना? महाबळेश्वरचा?

नाही. जॉन माल्कम वेगळा. दुसरा बाजीराव १८१८ मध्ये ज्याच्या स्वाधीन झाला तो माल्कम. पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, आणि महाबळेश्वरची माल्कम पेठ त्याच्या नावाची.

मग माथेरानचा मॅलेट कोण?

आपल्या मॅलेटचा मुलगा, ह्यू पॉइंट्झ मॅलेट. तो ठाण्याचा कलेक्टर होता आणि १८५० च्या मे महिन्यात माथेरान चढून गेला. त्याने माथेरानचा ‘शोध लावला’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं. तिथल्या ठाकर-धनगरांना हे ऐकून काय वाटत असेल देव जाणे.

थोरला मुलगा अलेक्झांडर आणि नातू एडवर्ड हे दोघेही मुत्सद्दी झाले, हे कमी जणांना ठाऊक असतं. अलेक्झांडर फ्रँकफर्टला जर्मन राज्यसंघाकडे ब्रिटनचा प्रतिनिधी होता. एडवर्ड आधी इजिप्तमध्ये कॉन्सुल जनरल आणि १८८४ पासून बर्लिनमध्ये राजदूत. आफ्रिकेची वाटणी करणारी ती बर्लिनची परिषद भरली तेव्हा ब्रिटनकडून तिथे हाच बसला होता. आजोबा पुण्यात मुलूख तिघांत सारखा वाटून घ्यायचं कलम लिहून गेले, नातवासमोर अख्खा खंड होता.

नाना फडणीस मॅलेटकडून फसला का?

‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ ही म्हण या ठिकाणी हटकून कोणीतरी टाकतं. मला ती पुरती पटत नाही. मॅलेटने ओसरीबाहेर पाय टाकला नाही. पेशव्यांच्या घरच्या भांडणात तो पडला नाही, राघोबाच्या मुलांना घेऊन नवा डाव मांडला नाही. अकरा वर्षं तो पाहुण्यासारखा राहिला. नानालाही तो उपयोगी पडला: महादजींच्या मध्यस्थीवाचून इंग्रजांशी बोलायची सोय झाली, टिपूचा मुलूख मिळाला.

चूक झाली असेल तर वेगळ्या जागी. इंग्रजांचा वकील पुण्यात कायम बसला, आणि पुण्याचा वकील लंडनमध्ये कोणी बसवला नाही. मॅलेटला महादजी, नाना, निजाम आणि टिपू यांची नाडी ठाऊक होती. कंपनीचे संचालक, पार्लमेंट आणि कलकत्ता यांच्यात कोण कोणाला दाबतं, हे नानाला संगमावरून येणाऱ्या बोलण्यातूनच समजून घ्यावं लागे. नाना हुशार होता यात वाद नाही. पण त्याची खिडकी एकच होती आणि ती मॅलेटच्या घरात उघडत होती.

हे सगळं आपल्याला कशावरून माहीत?

मुख्यतः मॅलेटच्याच पत्रांवरून. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई आणि सर जदुनाथ सरकार यांच्या देखरेखीखाली पुणे रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार १९३० च्या दशकापासून छापला गेला, आणि त्यातला मॅलेटच्या वकिलीचा खंड खुद्द सरदेसाईंनी संपादित केला. आपल्या बाजूचे मोडी कागद भरपूर आहेत, पण विखुरलेले. म्हणून तर आपणही पुण्याचा १७९० चा उन्हाळा बऱ्याचदा संगमावरच्या बंगल्यातून बघतो.

संगमावरच्या त्या वकिलातीचं पुढे काय झालं?

मॅलेटनंतर विल्यम पामर आला, मग बॅरी क्लोज, मग १८११ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. क्लोजच्या काळात वसईचा तह झाला, पेशवा इंग्रजांच्या फौजेवर अवलंबून झाला आणि वकील हा शब्द नावापुरता उरला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी दुपारी एल्फिन्स्टन नदी ओलांडून खडकीच्या छावणीकडे निघाला, आणि पाठोपाठ पेशव्यांच्या लोकांनी संगमावर येऊन वकिलातीला आग लावली. बंगले गेले. एल्फिन्स्टनची पुस्तकंही त्यात जळाली. मॅलेटला वारून तोवर पावणेतीन वर्षं होऊन गेली होती.